डिझेल एवढं शुद्ध, तर फिल्टर कशाला कापताय?

‘गॅसवर गाडी चालवणाऱ्यांनो, वेळीच जागे व्हा’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. लाल त्रिकोण, रांगेने उद्गारचिन्हं, शेवटी ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’. साजशृंगार सगळा नेहमीचाच. असल्या गोष्टींना मी उत्तर देत बसत नाही. पण या वेळी तो मेव्हण्याकडून आला आणि खाली त्याच्या डिझेल गाडीच्या डीपीएफबद्दल, म्हणजे धुराच्या फिल्टरबद्दल, त्याची स्वतःची ओळ होती: ‘दाजी, शनिवारी डीपीएफ काढून घेतोय. बरोबर ना?’ नाही, बरोबर नाही. आणि का नाही ते फोनवर पाच मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. एलपीजीची टाकी म्हणजे २०० बार दाबाचा चालता बॉम्ब. गॅसने इंजिन जळतं. गॅस डिझेलपेक्षा जास्त लिटर लागतो, म्हणजे प्रदूषणही जास्त. आजचं डिझेल इंजिन जी हवा आत घेतं त्यापेक्षा स्वच्छ हवा बाहेर सोडतं. आणि पाचवा: डिझेलवाल्यांनी डीपीएफ काढून टाकावा, कारण तो ‘कंपन्यांनी सर्व्हिसचे पैसे उकळायला बसवलेला डबा’ आहे, काढला की पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं.

शेवटचे दोन दावे पुन्हा वाचा. डिझेलचा धूर शुद्ध आहे असं सांगून झालं की पुढच्याच ओळीत, तो शुद्ध करणारा भाग कापून फेका. लिहिणाऱ्याला यात काही खटकलं नाही, आणि पुढे पाठवणाऱ्या शेकडो जणांनाही नाही. म्हणून पाचव्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं नुसतं अज्ञान आहे, हे मात्र लोक प्रत्यक्षात करतात.

डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. आत सिरॅमिकची बारीक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. पण तिच्या नळ्या एकाआड एक टोकाला बुजवलेल्या असतात. त्यामुळे धुराला सरळ निघून जाता येत नाही, नळीच्या सच्छिद्र भिंतीतून गाळूनच पलीकडे जावं लागतं. काजळी भिंतीला धरून राहते. ती साठली की गाडीचा कॉम्प्युटर थोडं जादा डिझेल उशिरा सोडतो, फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा घरघरत राहतो, उभ्या गाडीचे आरपीएम जरा चढलेले दिसतात, गरम वास येतो. ही याचीच लक्षणं. यालाच रीजनरेशन म्हणतात.

आता मेव्हण्याची अडचण. त्याची गाडी रोज जेमतेम इंजिन तापेपर्यंत चालते आणि बंद होते. रीजनरेशन सुरू होतं आणि अर्धवट राहतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. यात डब्याचा दोष नाही, वापराचा आहे. दिवा नुकताच लागला असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेला उपाय करायचा: मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी पळवायची. तरी दिवा गेला नाही, तर इंजेक्टर, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारा वॉल्व्ह), थर्मोस्टॅट आणि प्रेशर सेन्सर तपासून घ्यायचे, कारण फिल्टर वारंवार भरतो तेव्हा मूळ दुखणं बहुतेक वेळा फिल्टरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला असतं. आणि डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघायची. अर्धवट रीजनरेशनचं न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वाढते, ऑइल पातळ होतं. इंजिनाची वाट लागते ती अशाने.

काढून घेणं म्हणजे नक्की काय, हेही एकदा सांगतो. गॅरेजमध्ये डब्याचं पत्र्याचं कवच कापतात, आतली जाळी सळईने फोडून बाहेर काढतात, रिकामं कवच पुन्हा वेल्ड करून जागेवर लावतात. बाहेरून काही कळत नाही. मग ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, फेरफार करतात, त्यामुळे गाडीला वाटत राहतं की फिल्टर आहे. अ‍ॅव्हरेज थोडं वाढतं, खोटं कशाला सांगू. धुराची वाट मोकळी होते आणि रीजनरेशनला लागणारं डिझेल वाचतं. पण थोडंच. त्या बदल्यात काय बाहेर पडतं ते बघायचं असेल, तर फिल्टर शाबूत असलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात, थंड असताना, फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा आणि मग जाळी काढलेल्या गाडीच्या. दुसरं फडकं काळंकुट्ट निघेल.

ती काजळी कशी असते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्याच यादीत आहेत. तो निष्कर्ष मुख्यतः जुन्या इंजिनांच्या धुरावरच्या अभ्यासांवर आधारलेला होता, हे मान्य. पण डीपीएफ कापला की आपण नव्या इंजिनाला उलटं त्याच दिशेने ढकलतो. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून मूळचा डीपीएफ काढलेली गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. हा फिल्टर जर पैसे उकळायचा डबा असता, तर सरकारांनी त्याच्या मागे एवढं लागायचं कारण नव्हतं.

चौथ्या दाव्यात, म्हणजे शुद्ध हवेच्या दाव्यात, एक कण खरा आहे. शब्दशः कणच. चांगला डीपीएफ काजळीचे बहुतांश कण अडवतो आणि हवा आधीच घाण असेल तर फिल्टरमधून निघालेल्या धुरात कण तिच्यापेक्षा कमी असू शकतात. पण धूर म्हणजे फक्त कण नव्हे. नायट्रोजन ऑक्साइड डीपीएफमध्ये अडकत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा लागते, अनेक गाड्यांत वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण भरावं लागतं. युरोपीय नियमांत डिझेल कारची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युरो ३ या जुन्या टप्प्यात किलोमीटरला ०.५० ग्रॅम होती, युरो ६ या नंतरच्या टप्प्यात ०.०८ झाली. प्रगती मोठी आहे. मात्र पेट्रोल आणि एलपीजीच्या गाड्यांना तिथेच ०.०६ ची मर्यादा आहे.

शिवाय कागद वेगळा आणि रस्ता वेगळा. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. गाडी चाचणीला उभी आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं स्वच्छ वागणारं सॉफ्टवेअर कंपनीने बसवलं होतं, आणि रस्त्यावर त्या डिझेल गाड्या काही वेळा मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना प्रत्यक्ष रस्त्यावर, मागे यंत्र जोडून चाचणी द्यावी लागते आणि त्यानंतरची डिझेल इंजिनं खरंच सुधारली आहेत. नाइलाजाने का होईना, हे श्रेय द्यावंच लागतं. पण ‘आधुनिक डिझेल’ म्हणताना या चाचणीच्या आधीचं युरो ६ की नंतरचं, हे मेसेजवाल्याने सांगितलेलं नाही. त्याला ते माहीतही नसणार.

आता बॉम्ब. २०० बार हा आकडा एलपीजीचा नाहीच, तो सीएनजीचा आहे! दोन वेगळे गॅस, दोन वेगळ्या टाक्या. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, जे थोड्याशा दाबाखाली द्रवरूप होतात. नेहमीच्या तापमानाला टाकीतला दाब एक आकडी बारमध्येच असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ६७ प्रमाणे बनलेली टाकी ३० बारवर तपासलेली असते, २७ बारच्या आसपास तिचा प्रेशर रिलीफ वॉल्व्ह उघडतो, ८० टक्के भरली की भरणं आपोआप थांबतं म्हणजे उन्हात गॅस फुगायला जागा राहते, आणि पाइप तुटला तर जादा प्रवाह अडवणारा वॉल्व्ह गॅस आतच रोखतो.

तरी स्फोट झालेले आहेत, तेही सांगितलं पाहिजे. ३१ जानेवारी १९९९ ला फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या व्हेनिस्यू इथे पेटवून दिलेल्या एलपीजी गाडीची टाकी फुटली आणि आग विझवायला आलेले जवान गंभीर जखमी झाले. त्या टाकीला रिलीफ वॉल्व्ह नव्हता. त्यानंतर फ्रान्समध्ये तो सक्तीचा झाला. म्हणजे भीती एलपीजीची नव्हे, प्रमाणपत्र नसलेल्या टाकीची आणि घरगुती सिलिंडर डिकीत आडवा टाकून नळी जोडण्याच्या उद्योगाची बाळगा. आणि हो, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, स्टार्टर मारायचा नाही, सरळ बाहेर पडायचं. मेसेजमध्ये जीव वाचवणारी एखादी ओळ हवी होती, तर ही टाकायची.

इंजिन जळण्याबद्दल फार लिहीत नाही. काही इंजिनांच्या वॉल्व्हच्या सीट मऊ असतात आणि गॅसवर त्या लवकर झिजतात, हे खरं आहे. किट चुकीचं ट्यून केलं आणि मिश्रणात गॅस कमी पडला, तर झीज आणखी वाढते. बाकी एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो आणि गॅसवरच्या गाडीचं ऑइल उशिरा काळं पडतं. वॉल्व्हचं क्लिअरन्स वेळेवर तपासून घ्या, संपलं.

लिटरचा दावा मात्र हिशेबाचा आहे. डिझेल लिटरला सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड देतं, एलपीजी सुमारे १.६ किलो. समजा १०० किलोमीटरला डिझेलची गाडी ५ लिटर पिते आणि तेवढीच गॅसची गाडी ८ लिटर. डिझेलचा हिशेब १३.४ किलो, गॅसचा १२.८. फरक जेमतेम ०.६ किलोचा, दोन्ही जवळपास बरोबरीत. लिटर जास्त लागले कारण द्रवरूप एलपीजी मुळात डिझेलपेक्षा हलका आहे. तीच गाडी पेट्रोलवर साडेसहा लिटरने चालली, तर लिटरला २.३१ धरून १५ किलो होतात. गॅसचा खरा फायदा दिसतो तो इथे, डिझेलशी तुलनेत नव्हे.

मेसेजवाल्याला गॅसवर टीका करायचीच होती, तर ती हाताशी होती. बहुतेक किटवर गाडी सुरू होते पेट्रोलवरच आणि इंजिनाचं पाणी तापल्यावर गॅसवर जाते. रोजच्या छोट्या फेऱ्या असतील तर निम्मा रस्ता पेट्रोलच जळतं, आणि किट बसवल्याचा उपयोग तेवढाच कमी होतो.