नववीच्या प्रकल्पासाठी ‘पण लक्षात कोण घेतो’

शाळेच्या प्रकल्पासाठी एखादी अभिजात मराठी कादंबरी वाचा असे शिक्षकांनी सांगितले की घरोघरी पहिली चौकशी पानांची होते. त्यातल्या त्यात बारीक पुस्तक कोणते, त्याचा सारांश कुठे मिळेल, लेखकाचे रंगीत चित्र कुठून छापून आणायचे, एवढे ठरते आणि कादंबरी न वाचताच फाइल जमा होते. यंदा माझ्या भाचीच्या निमित्ताने हा विषय मी जवळून पाहिला. नववीतल्या मुलांना जुनी, जाड कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येते, असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र ती हप्त्याहप्त्याने, घरात मोठ्याने वाचली गेली पाहिजे आणि शाळेने त्यासाठी पुरेसा काळ दिला पाहिजे.

भाची अमळनेरला शिकते. लेखक खानदेशाशी संबंधित असावा, एवढीच शाळेची अट होती. अमळनेरमध्ये साने गुरुजींचे नाव आधी निघणार हे उघड आहे, कारण ते येथेच शिक्षक होते. पण १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ तिने लहानपणीच वाचली होती आणि तिला नवे काही हवे होते. भालचंद्र नेमाडे यांचे ‘कोसला’ माझ्या बहिणीने सुचवले. सांगवीचा लेखक, खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूची ती विलक्षण पाने, हे सारे मान्य करूनही ते पुस्तक कॉलेजच्या वयासाठी राखून ठेवावे असे मला वाटते. घर सोडून परक्या शहरात राहिल्याशिवाय पांडुरंगचा उबग पुरता कळत नाही.

मग हरी नारायण आपटे यांचे नाव आले. त्यांचा जन्म १८६४ साली आपल्या पारोळ्याचा, हे अमळनेरमधील पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. त्यांचीही ‘गड आला पण सिंह गेला’ घ्यावी, ती आटोपशीर आहे, तानाजीची गोष्ट सर्वांना माहीत आहे, असा सल्ला तिला मिळाला. तिने दोन्ही पुस्तके उघडून पाहिली आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ निवडली, कारण त्यात यमू नावाची एक मुलगी स्वतःची हकीकत स्वतः सांगते. मला हे कारण फार मोलाचे वाटले. लेखक आपल्या जिल्ह्यात जन्मला हे पुस्तक हातात घेण्यापुरते निमित्त ठरते. या कादंबरीत खानदेश कुठेच नाही, हरिभाऊंचे आयुष्य मुंबई-पुण्यात गेले आणि यमूची कहाणीही तिथलीच आहे. शेवटपर्यंत वाचायला लावते ती यमू.

पुस्तकाची जाडी पाहून घाबरणाऱ्या पालकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगेन. ही कादंबरी १८९० पासून हरिभाऊंच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येत होती. तेव्हाच्या वाचकाला ती एका बैठकीत संपवायची नव्हती. या आठवड्याचा भाग वाचायचा, घरात त्यावर बोलायचे आणि पुढच्या अंकाची वाट पाहायची, अशीच तिची घडण आहे. मग आजच्या मुलीने ती परीक्षेच्या आदल्या रात्री संपवावी अशी अपेक्षा आपण का करतो?

आमच्याकडे शनिवार-रविवारच्या संध्याकाळी वाचन ठरले. भाची वाचत असे आणि बाकीचे शेंगा फोडत किंवा निवडटिपण करत ऐकत असत. सुरुवातीला भाषा अडखळवणारी वाटली. ‘मामंजी’, ‘वन्सं’ हे आमच्या घरातले शब्द नव्हेत, सोवळ्या-ओवळ्याचा तो सारा व्यवहारही आमच्या शेतकरी घराला परका होता. पण दुसऱ्या इयत्तेपलीकडे शाळा न पाहिलेली माझी आई त्या माजघरात सर्वांआधी पोहोचली. भाचीने पुस्तक मिटले की तिचा प्रश्न तयार असे, “मंग पुढे काय व्हयनं?” सासरी गेलेल्या लहानग्या यमूची माहेरची ओढ ऐकताना तिने आखाजीची गोष्ट काढली: माहेरी आलेल्या लेकी, झोके, झोक्यावरची गाणी आणि सण सरल्यावर पुन्हा बैलगाडीत बसताना होणारी रडारड. तिच्या बरोबरीच्या कितीजणींची लग्ने कोवळ्या वयात झाली, हेही तिने त्याच संध्याकाळी सांगितले. नातीने ते वहीत लिहून घेतले. माझ्या मते तिच्या प्रकल्पाचा सर्वांत अस्सल भाग तोच आहे.

नवऱ्याच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमूचे बळजबरीने केशवपन होते, तो भाग मुलांनी वाचू नये असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. मला ते अजिबात पटत नाही. नवऱ्याने जिला प्रेमाने लिहायला-वाचायला शिकवले, मुंबईतल्या बिऱ्हाडात जिने मोकळेपणा अनुभवला, तिच्यावर हा प्रसंग ओढवतो. आधीची शेकडो पाने त्या प्रसंगाचे दुःख किती खोल आहे हे कळावे म्हणूनच लिहिलेली आहेत. सारांशात त्याचे एक वाक्य होते आणि त्या वाक्याने कुणाचेही काळीज हलत नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुले हा प्रसंग समजून घेऊ शकतात. भाची त्या दिवशी रागावली, यमूच्या सासरच्यांवर आणि गप्प बसणाऱ्या सगळ्यांवर, आणि मला तो राग योग्य वाटला.

प्रकल्पात काय लिहावे हे त्यानंतर फारसे शोधावे लागले नाही. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती, तरीही यमूसारख्या मुलींच्या वाट्याला हे का आले? कादंबरी छापली जात होती त्याच काळात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या किमान वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली; तेवढ्या बदलावरूनही पुण्यात प्रचंड वादळ उठले. आज मुलीच्या लग्नाचे वय अठरा आहे, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, आणि तरीही बालविवाह रोखल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यांतून येतात.

कादंबरीच्या उणिवाही मुलांनी लिहाव्यात. हरिभाऊ मध्येच थांबून उपदेश करतात, काही प्रसंग फार लांबवतात आणि त्यांचे जग पांढरपेशा घरांच्या उंबरठ्यातच राहते. त्याच पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली तिथेच छापली गेली होती. आणि कादंबरीच्याच सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला होता. वस्तरा हाती असलेल्यांनीच नकार दिला ही गोष्ट यमूच्या कथेशेजारी ठेवली, तर नववीची मुलेही शतकापूर्वीच्या समाजाकडे एकाहून अधिक बाजूंनी पाहू शकतील.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की कादंबऱ्यांची यादी जूनमध्ये द्यावी, प्रकल्प जानेवारीत घ्यावा आणि गुण देताना सजावटीकडे न पाहता पाच मिनिटे समोर बसवून मुलाशी त्या पुस्तकाबद्दल बोलावे. वाचले आहे की नाही हे तेवढ्यात कळते. पालकांनी पुस्तकाच्या खर्चाची काळजी करण्याचे कारण नाही: हरिभाऊ १९१९ साली वारले, त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि जळगावच्या व. वा. वाचनालयासारख्या आपल्या जुन्या ग्रंथालयांत अशा कादंबऱ्यांची चौकशी जरूर करावी.