थुंकायला शिका, रीतसर फी भरून

लहानपणी रस्त्यात थुंकलात म्हणून आजीने धपाटा घातला असेल, तर तो विसरा आणि शहरातल्या एखाद्या वाईन चाखायला शिकवणाऱ्या शाळेत नाव घाला. शिकवणी साधीसुधी नाही. लंडनच्या वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचा अभ्यासक्रम, १९६९पासूनची संस्था. दुसऱ्या इयत्तेचा पेपर ५० प्रश्नांचा, वेळ ६० मिनिटं, पास व्हायला ५५ टक्के. दहावीला ३५वर निभावलं होतं, इथे नाही. घरच्यांनी कपाळाला हात लावला तर २०२२ची आठवण द्या. सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे आपण पुढाऱ्यांच्याच तोंडून ऐकलंय की!

पहिला धडा, गिळायचं नाही. ग्लास दांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा, गरगर फिरवायचा (पहिल्या दिवशी गडद शर्ट घाला), नाक आत खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत. बादली शेजाऱ्यासोबत सामायिक असते. नेम आधी घरच्या मोरीत पक्का करून जा.

खरी गंमत वासांची. सोव्हिन्यॉ ब्लां या पांढऱ्या वाईनला गूजबेरीचा वास येतो. गूजबेरी वर्गात कुणी खाल्लेली नसते, पण माना सगळे डोलावतात, तुम्हीही डोलवा. पेरूचा वास आला तरी चालतो, फक्त 'ग्वावा' म्हणायचं. याच वाईनमध्ये जाणकारांना मांजराच्या मुताचा वासही येतो आणि ते तो कौतुकाने सांगतात. आमच्या चाळीच्या जिन्याला आम्ही उगाच इतकी वर्षं नाकं मुरडली. रीझलिंग ही दुसरी पांढरी वाईन, ती मुरली की तिला पेट्रोलचा वास, तिथे मात्र तुमचा हात कुणी धरणार नाही.

एक पथ्य पाळा. वर्ग चालू असेपर्यंत द्राक्षवाल्या नातेवाइकाकडे जाऊ नका. मी गेलो. दिंडोरीचा मामा वायनरीसाठी शिराझ जातीची काळी द्राक्षं लावतो. त्याने मणी चिरडून थेंबभर रस साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला, उन्हाकडे धरून एक डोळा मिटला. "बावीस. थांबू अजून चार दिवस." मग दुसरा मणी तोंडात टाकून बी चावली आणि तोंड वाकडं केलं.

"टॅनिन!" तुरटपणाचं वर्गातलं नाव घेऊन मी प्रमाणपत्राला जागलो.

"ते तुमचं तुम्ही बघा. बी पिकली नाही अजून," मामा म्हणाला आणि थुंकला. बादली नाही, फी नाही. तीन हातांवरच्या बांधापलीकडे, बरोब्बर.