फ्रेडीनंतरचा ब्रायन मे

लेख मस्त, पण गायक फ्रेडी मर्क्युरीबरोबर क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड संपला आणि त्यातला गिटारवाला ब्रायन मे आता नुसत्या नावावर तिकिटं खपवतो, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. फ्रेडी १९९१ मध्ये गेला, बेस गिटारवाल्या जॉन डीकननेही पुढे अंग काढून घेतलं, खरंय. म्हणून उरलेल्या दोघांनी, ब्रायन आणि ड्रमर रॉजर टेलरने, दुकान बंद करायचं का?

ब्रायनची गिटारच बघा ना. १९६३ च्या सुमारास बापलेकांनी घरीच बनवायला घेतलेली. दांडी घरातल्या जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या. वाजवतो सहा पेन्सच्या नाण्याने, त्यामुळे सूर लागण्याआधी तारेवर बारीक खरखर येते. हेडफोन लावून ऐका. फ्रेडीच्या जागी गाणारा ॲडम लॅम्बर्ट त्याची नक्कल करत बसत नाही, तेही बरंच.

आमच्या जळगाव-भुसावळकडे बँडपार्टीचा मालक गेला तरी पोरगा गाडीवर तेच नाव रंगवून वरातीला उभा राहतो. जुना क्लॅरिनेटवाला सोबत असला की बँडला खोटा कोण म्हणतो?

२०२४ मध्ये सौम्य पक्षाघाताने ब्रायनच्या डाव्या हातावरचा ताबाच गेला होता काही काळ. म्हणजे तारा दाबायचा हात! त्यातूनही सावरला. आणि अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची पीएचडी २००७ मध्ये, साठीला पुरी केली, ते तर तुम्ही लिहिलंच नाही.