डावीकडून तिसरा, चादरवाला

विज्ञानकथेच्या नादी लागलेल्या लोकांचे जुने फोटो जमवून ठेवणारा एक ऑनलाइन संग्रह अमेरिकेत आहे. लेखकांपेक्षा वाचकांचे फोटो जास्त. पुतणी तिकडं शिकते, तिनं दाखवला आणि वर मीठ चोळलं, "काका, अख्ख्या जगाचे फोटो आहेत, सोलापूरचा एकही नाही!"

आता सोलापूरकराला असं म्हणायचं नसतं.

या मंडळींचा इतिहास वाचला तर माणसं अगदी आपलीच वाटली. 1939 च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरलं, तर जुन्या भांडणापायी सहा जणांना दारातच अडवलं. म्हणजे गणपती मंडळासारखीच रीत. त्याच संमेलनाला मर्टल डग्लस नावाच्या बाईंनी भविष्यकाळातले कपडे तयार करून नेले होते, एक जोड स्वतःला, एक त्यांच्यासारख्याच विज्ञानकथावेड्या फॉरेस्ट ॲकरमनला. पोशाख आमच्याकडंही होता. फक्त तो सोलापुरी चादरीचा होता.

1984 च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात जाऊन आले आणि त्या वर्षीच्या गणपतीत आम्ही अंतराळावर एकांकिका बसवली. आम्ही म्हणजे मासिकांतल्या विज्ञानकथा कापून वहीत चिकटवणारी चार टाळकी. एक पुढं हेडमास्तर झाला, एक बँकेत लागला, एक वकील, आणि मी. अंतराळवीराचा अंगरखा म्हणून मोराची चादर उलटी करून गुंडाळली होती, कारण सुलट्या बाजूला मोर फार ठसठशीत दिसत होते आणि मंगळावर मोर कुठून येणार, असा वकिलाचा आक्षेप होता. तो तेव्हाही वकीलच होता. शिरस्त्राण म्हणून ॲल्युमिनियमचं पातेलं. पातेल्याला कान होते, ते ॲन्टेना.

फोटो सापडला. काळ्या पानांचा अल्बम, कोपऱ्यांना त्रिकोणी चिकट्या, मधे फडफडणारा बटर पेपर. अर्धी लढाई जिंकली असं वाटलं.

संग्रहवाल्यांचं म्हणणं साधं होतं. फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके इतका बारीक, स्कॅन करा, त्यात काही सुधारू नका, माणसांची नावं डावीकडून लिहा, तारीख, ठिकाण, फोटो कुणी काढला आणि हक्क कुणाचा ते सांगा. बस्स.

नवी पेठेतला झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, आधार कार्डाला दोनशे लई झालं. तुमाला सहाशे कशाला? जमिनीचा नकाशा हाय का?" करून दिलं बिचाऱ्यानं, पण त्याच्यातला कलाकार गप्प बसेना. घरी येऊन बघतो तर चौघांचे चेहरे गोरेपान, मागचा मांडव जाऊन तिथं पासपोर्टचा निळा रंग, आणि फोटोवर एक उभा ओरखडा होता तो गायब. ओरखड्याबरोबर हेडमास्तरचा डावा हातही गायब. परत गेलो तर म्हणाला, "सुधारायचे पैशे नाय लावले काका." न सुधारण्याचे किती घेशील, असं विचारून सगळं परत करून घेतलं.

मग नावं. डावीकडून.

हेडमास्तरनं पहिलाच प्रश्न टाकला, "बघणाऱ्याच्या डावीकडून की आमच्या?" यावर वकिलानं बाजू मांडली, हेडमास्तरनं फळा नसताना फळ्यावर काढल्यासारखी हवेत आकृती काढली, आणि बँकवाल्यानं भिंग लावून बघितलं तर मागच्या कापडी फलकावरची अक्षरं उलटी! छापतानाच निगेटिव्ह पालथी पडलेली. म्हणजे डावीकडचा मुळात उजवीकडं. आता नावं फोटोप्रमाणं लिहायची की सत्याप्रमाणं?

निवाड्यासाठी अण्णांकडं गेलो. अण्णा म्हणजे फोटो काढणारे. साखर पेठेत त्यांचा स्टुडिओ होता, आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात आणि अण्णा मागच्या खोलीत असतात. कान गेलेत, स्मरणशक्ती मात्र व्याजासकट शाबूत. फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "यशिका कॅमेरा होता. वरून वाकून बघायचा. त्यात डावं-उजवं उलटंच दिसतं. मला तुम्ही कधी सुलटे दिसलाच नाहीत."

पुढं स्वतःहून म्हणाले, "रोल इंदू छापाचा. उटीच्या कारखान्याचा माल. बारा फोटो बसायचे. त्याचे पैसे यायचेत."

इथून प्रकरणाला खरा रंग चढला. कारण हक्क कुणाचा हा रकाना अजून मोकळाच होता. वकील खूश झाला, त्याला असला खटला आयुष्यात मिळाला नव्हता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 त्यानं तोंडपाठ सांगितलं. पैसे मोजून कुणी फोटो काढून घेतला असेल, तर दुसरं काही ठरलेलं नसताना पहिला मालक पैसे मोजणारा. नाहीतर मालक फोटोग्राफर.

"म्हणजे पैसे दिले असतील तर आपला," बँकवाला म्हणाला.

"दिले नाहीत," अण्णा म्हणाले. नेमकं हे त्यांना ऐकू आलं.

"मी हेडमास्तरकडं दिले होते," बँकवाला.

"ते नारळाचे," हेडमास्तर.

वर्गणीची वही मंडळाकडं, मंडळाची दोन मंडळं झालेली, आणि वही ज्या मंडळाकडं आहे ते आम्हाला दारात उभं करत नाही. (न्यूयॉर्कच्या त्या सहा जणांची मला फार आठवण झाली.) वकिलाचं मत पडलं की आज पैसे देऊन मागच्या तारखेची पावती घेणं बेकायदा आहे. अण्णांचं मत पडलं की पावती कुठल्याही तारखेची देतो, पैसे आजच्या भावानं. शेवटी 'हक्क अण्णांचा, त्यांच्या परवानगीनं' असं लिहायचं ठरलं. परवानगीच्या कागदावर अण्णांनी आधी तेलुगूत सही केली, मग विचार करून खाली मराठीत केली, आणि सहीवर चहा सांडला म्हणून तिसरी.

टोपणनाव असल्यास लिहा, असाही एक रकाना होता. मराठीत हा रकाना मानाचा. खुद्द जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा धाडली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आणि पहिलं बक्षीस घेतलं. हे ऐकून बँकवाला हट्टाला पेटला, त्यालाही टोपणनाव पाहिजे. चादर आणि पातेलं त्याच्याच अंगावर आहे, आणि घरात नवी सून आलीय.

"का बे, आता लाजलालास? तेव्हा तर पातेलं काढ म्हटलं तर काढत नव्हतास," हेडमास्तर म्हणाला.

फाइल पाठवायला बसलो तेव्हा रात्र झाली होती. निम्मी चढली आणि नळाला पाणी आलं. सोलापुरात पाणी रोज येत नाही. ते आलं की माणूस देवपूजेतूनही उठतो. मी उठलो, मोटर लावली, मोटरनं घरातली वीज घालवली, वायफाय गेलं आणि फाइल मंगळाच्या वाटेवर कुठंतरी लटकली. बायकोचं म्हणणं, टाकी भरली हे काय कमी आहे. टाकी भरल्यावर पुन्हा पाठवली.

संग्रहवाल्यांचं उत्तर लगेच आलं, फार अगत्याचं. फोटो लावलाय, अंतराळवीराचा पोशाख सगळ्यांना आवडला, कापड कोणतं आहे म्हणून विचारलंय, आणि त्या कार्यक्रमाचे आणखी फोटो असतील तर जरूर पाठवा.

अण्णांना वाचून दाखवलं. ते उठले, पलंगाखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढला आणि झाकण न उघडता मांडीवर घेऊन बसले.

"आहेत की. अकरा आहेत. पण त्याचे पैसे वेगळे."