एक तारा मिळालेल्या विस्कॉन्सिन सहलीविषयी आयोजकाचे उत्तर

महोदय,

ईगल गावाजवळचे ‘ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिन’ हे जुन्या घरांचे खुले संग्रहालय कॅथलीन अर्न्स्ट यांच्या रहस्यकादंबरीत येते; तिथल्या आमच्या सहलीला आपण एक तारा देऊन ‘पंचवीस मिनिटांत उरकलेले काळेकुट्ट जर्मन घर, कादंबरीतले काहीच दाखवले नाही’ असे लिहिले आहे. आपला दिवस मनासारखा गेला नाही, याबद्दल मी आपली व आपल्या कुटुंबीयांची क्षमा मागते.

मात्र ‘उरकलेले’ हा शब्द मला फार लागला. शिकागोच्या उपनगरातून साडेआठला निघायचे, हे दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर कळवले होते. सव्वानऊला आपण ‘पाच मिनिटांत पोहोचतो’ म्हणालात आणि गाडी हलली ती पावणेदहाला. वाटेत आपल्याच आग्रहावरून नाश्त्याला आणखी अर्धा तास गेला. बाकीचे प्रवासी माझ्यावर नाराज झाले, तरी आपल्यासोबत वडीलधारी मंडळी असल्यामुळे मी ते आपल्या कानावर येऊ दिले नाही. संध्याकाळी आपल्याला एका समारंभाला जायचे होते, म्हणून परतीची वेळही पुढे नेता आली नाही. हा वेळ शेवटी त्या घराच्याच वाट्यातून गेला, याचे मलाही वाईट वाटते.

कारण त्या घरातले धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर हेच तर तिथे बघायचे असते. पोमेरानिया या तेव्हाच्या जर्मन प्रदेशातून आलेल्या शुल्झ कुटुंबाने १८५६ साली लाकडी चौकटीत गवत-माती भरून हे घर बांधले आणि घराच्या मधोमध, धुराड्याच्या पोटातच चूल मांडली. वर चढणाऱ्या धुरात मांस टिकवले जाई. संग्रहालयाने घर मूळ जागेवरून हलवून पुन्हा उभारले, तेव्हा १८६० च्या सुमाराचे रूप जपले. कादंबरीची लेखिका या संग्रहालयात नोकरीला होती आणि तिची नायिकाही इथलीच अभिरक्षक आहे. हे सारे मी दारात उभी राहून सांगत होते, तेव्हा आपण बाहेर फोनवर होता.

आमचा हंगाम उन्हाळ्यापुरताच, आईवडील भारतातून येतात तेवढ्या महिन्यांचा असतो आणि आपला अभिप्राय वाचून दोन कुटुंबांनी नोंदणी रद्द केली आहे. निघण्याच्या वेळेबाबत यापुढे काहीतरी नियम करू, घराविषयी मराठी टिपण देण्याचाही विचार आहे. आपण पुन्हा आलात, तर ते घर मी स्वतः आपल्याला सावकाश दाखवीन.

आपली नम्र,
सहल आयोजक