फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम एकदा तरी वाचा रे!

रत्नागिरीत मांडवीच्या टपरीवर दर सोमवारी सकाळी मॅचवरून तेच. चहा उकळायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "रेफरीने पैसे खाल्ले!" अरे, नियम वाचलाय का कुणी? ऑफसाइड म्हणजे सहकारी चेंडू मारतो तेव्हा समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असणं. थ्रो-इनवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतोच. गोलकिक आणि कॉर्नरवरही नसतो. तरी मोबाइलवर फोटो थांबवून, बोटाने रेघ मारून तासभर वाद. फोटो कुठल्या क्षणी थांबवायचा? सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी! स्ट्रायकरकडे पोचला तेव्हा नव्हे. आणि खेळाडूचे हात मोजतच नाहीत त्यात.

मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारा रेफरी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तो २०१९-२० च्या हंगामापासून आहे, तरी अजून यांना वाटतं की प्रत्येक धक्काबुक्की त्याने तपासावी. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड असल्या मोजक्याच प्रसंगी तो मध्ये पडतो.

डावपेचांवर मात्र अवाक्षर नाही. बचावफळी इतकी वर खेळवली तर मागे मोकळी जागा पडणारच, यांच्या टीमने तिथूनच दोन गोल खाल्ले. त्याला रेफरी काय करणार? ह्यावर बोला की!

सगळ्यात डोकं फिरतं ते संध्याकाळी. वाळूवर पोरांची मॅच असते, शिट्टी कॉलेजातल्या एका मुलाकडे. टपरीवरची तीच मंडळी त्याला आईबहिणीवरून शिव्या घालतात. गेल्या वेळी पोरगं शिट्टी टाकून घरी गेलं. आता शिट्टी धरायला कुणी तयार नाही.