न्यूयॉर्क आलं का?

उखाण्यांच्या स्पर्धेत परीक्षक व्हायची चूक मी तीन वर्षांपूर्वी केली. संक्रांतीच्या कार्यक्रमाला ऐनवेळी कुणी मिळेना म्हणून मला खुर्चीत बसवलं आणि मी सव्वीस बायकांमधून एकीला पैठणीचा बटवा दिला. उरलेल्या पंचवीसजणी अजूनही न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर, म्हणजे आमच्या भारतीय बाजारात, समोरून आल्या की कोथिंबिरीच्या जुड्यांत तोंड खुपसतात. मात्र तेव्हापासून 'मावशी निष्पक्ष आहे' अशी एक अफवा आमच्या घराण्यात पसरली आहे, आणि ती माझ्या भाच्यानं, म्हणजे ओंकारनं, गंभीरपणे घेतली आहे.

त्याचा फोन आला. "मावशी, एक निकाल द्यायचाय."

तिघं मुलं एका अपार्टमेंटमध्ये राहतात, तेव्हा मला वाटलं भांडी घासायच्या पाळ्यांवरून बिनसलं असेल. पण बिनसलं होतं 'फ्रायडे द थर्टीन्थ' नावाच्या खूनपटांवरून. त्या मालिकेचा आठवा भाग टाकाऊ आहे असं त्याच्या नागपूरच्या रूममेटचं मत, आणि तो लोकांना कळलाच नाही असं कोल्हापूरच्या रूममेटचं. दोघं चार दिवस एकमेकांशी फक्त ओंकारमार्फत बोलत होते.

"पण मीच का?"

"कारण तू एकही भाग पाहिला नाहीस. आणि तू रोज मॅनहॅटनला जातेस."

आठव्या भागाचं नाव 'जेसन टेक्स मॅनहॅटन'. जेसन म्हणजे या मालिकेतला मुखवटेवाला खुनी. मी गेली एकोणीस वर्षं एडिसनहून रोज मॅनहॅटनला, म्हणजे न्यूयॉर्क शहरात, जाते. गाडी वेळेवर असली तर पन्नासेक मिनिटं, नसली तर देवाची इच्छा. जेसन एकदाच गेला, तर त्याच्या नावानं सिनेमा निघाला.

आता आठव्याचा निकाल द्यायचा तर आधीचे सात बघणं आलं. दोन शनिवार गेले, दोन किलो भाजणीच्या चकल्या गेल्या. मुलांनी रीतसर तक्ता करून आणला होता: कथा, अभिनय, भीती, खुनांतली कल्पकता. मी हातानं आणखी दोन रकाने आखले. एक 'वास्तवता'. दुसरा 'शीर्षकाशी प्रामाणिकपणा'. दुसऱ्या रकान्यावर कोल्हापूरनं लगेच हरकत घेतली. त्याला पुढचं दिसलं असावं.

पहिला भाग 1980 सालचा. शूटिंग आमच्याच न्यू जर्सीत, ब्लेअर्सटाउनजवळच्या बॉय स्काउटच्या कॅम्पवर झालेलं. पानं रंगली की आम्ही दर ऑक्टोबरला पोहे आणि थर्मास घेऊन त्याच बाजूला जातो, हे कळल्यावर नवऱ्यानं चकली खाली ठेवली. तर या कॅम्पवरची पोरं एकेक करून मरतात, आणि शेवटी समजतं की मारणारा जेसन नाहीच, त्याची आई आहे. कॅम्पवरच्या मोठ्यांचं लक्ष नव्हतं म्हणून तिचं पोर तळ्यात बुडालं, ते डोक्यात धरून. मला बाई पटली. पद्धत चुकली, पण तक्रार रास्त होती. हे काम बेट्सी पामर या अभिनेत्रीनं नवी गाडी घ्यायला पैसे हवे होते म्हणून स्वीकारलं, असं तिनंच पुढे सांगितलं होतं. अमेरिकेत गाडीशिवाय माणूस काय काय कबूल करतो, हे मला कुणी सांगायला नको.

या सिनेमांत मारेकरी जवळ आला की कुजबुजल्यासारखा एक आवाज येतो, 'कि कि कि, मा मा मा'. हॅरी मॅन्फ्रेडिनी या संगीतकारानं 'किल' आणि 'मॉमी' या शब्दांतून तो काढला आहे. मला मात्र सातही भाग कुणीतरी अंधारात मामाला हाक मारतंय असंच वाटत राहिलं.

दुसऱ्या भागात जेसन मोठा होऊन येतो, डोक्यावर पोतं, बघायला एका डोळ्यापुरतं भोक. ओंकार म्हणाला, "भयानक ना?" मी म्हटलं, "पुण्यात मे महिन्यात दुपारी दोन वाजता कर्वे रोडवर हा उभा राहिला तर कुणी वळूनसुद्धा बघणार नाही." तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा तिसऱ्या भागात येतो, 1982 साली. आणि 1984 च्या चौथ्या भागाचं नाव चक्क 'अंतिम अध्याय'. पाचवा लगेच पुढच्या वर्षी. आपल्याकडे नाही का, पाहुणा "चला, निघतो" म्हणून उठतो, चपला घालतो, आणि मग दारात उभं राहून खऱ्या गप्पांना सुरुवात करतो? तसं. पाचव्यात तर जेसनही नाही, त्याचा मुखवटा घालून दुसराच कुणी खून करतो. म्हणजे मूर्ती विसर्जित झाली म्हणून मखरात मामेभावाला बसवलं. सहाव्यात खरा जेसन उठतो, प्रेतात खुपसलेल्या लोखंडी गजावर वीज पडून. सातव्यात तळाशी बांधलेल्या जेसनला एक मुलगी नुसत्या मनःशक्तीनं वर आणते. आठव्यात बोटीचा नांगर पाण्याखालच्या विजेच्या केबलला अडकतो आणि पुन्हा विजेवर काम होतं. तिथे भारनियमन असतं तर ही मालिका पाचव्या भागात संपली असती.

आता प्रश्न असा, की हे मोजायचं कशानं? चांगल्या सिनेमाचं माप लावलं तर सातही नापास, मग आठव्यालाच का बडवायचं? भावंडांशी तुलना केली तर तो मधल्या बाकावरचा. नागपूर म्हणाला, "मावशी, पब्लिकनं निकाल देऊन टाकला ना! आठच्या आठ भागांत सगळ्यात कमी धंदा यानं केला, जेमतेम 1 कोटी 43 लाख डॉलर." मी त्याला थांबवलं. टाळ्या मोजायच्या असत्या तर संक्रांतीला परीक्षक कशाला बसवला असता? आणि मला एकदम वाट सापडली. पत्रिका बघायची. पत्रिकेवर 'सनई-चौघडा' छापला असेल तर मांडवात सनई वाजली पाहिजे. तिथे ब्लूटूथ स्पीकर लावून "अहो, पण जेवण चांगलं होतं" हे चालणार नाही. आणि इथे पत्रिकेवर ठसठशीत छापलं होतं: मॅनहॅटन.

शनिवारी रात्री साडेनऊला आठवा लावला. नवरा सोफ्यावर आडवा. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रस्त्यांची चार दृश्यं दाखवली, तेवढ्यात त्याचा डोळा लागला.

मग सिनेमा तळ्यावर गेला. तळ्यावरच्या बोटीवर दोन खून झाले. ती बोट वाहत वाहत बंदराला लागली आणि तिथून जेसन न्यूयॉर्कला सहलीला निघालेल्या शाळेच्या जहाजावर चढला. मी सिनेमा थांबवायला लावला. "तळ्यातली बोट समुद्रात कशी आली?"

कुणीच बोलेना.

"पवना धरणात सोडलेली होडी गेटवे ऑफ इंडियाला लागली, असं झालं हे. आणि ब्लेअर्सटाउनहून मॅनहॅटन रस्त्यानं शंभरेक किलोमीटर आहे. दीड तासाचं काम. जहाज कशाला?"

"मावशी, ते तळं सिनेमातलं आहे," कोल्हापूर समजुतीच्या सुरात म्हणाला.

'वास्तवता'मध्ये मी शून्य लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर जहाज. नुसतं जहाज. इंजिनघर, जिना, डेक, पुन्हा जिना. रॉकवाली पोरगी तिच्याच गिटारनं मेली, एक सॉनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, मेला. जेसन चालतो, पोरं पळतात, आणि तरी पोरांच्या आधी तो पोचलेला असतो. नाचायच्या खोलीत एका मुलीला तर ती वळेल त्या दिशेला तो दिसतो. समोर, मागे, पुन्हा समोर. हा अनुभव मात्र मला अस्सल वाटला. दिवाळीआधी भारतीय दुकानात वर्गणीचं पुस्तक घेतलेले काका असेच दिसतात. 'भीती'मध्ये मी सहा दिले.

पाऊण तासानं नवरा जागा झाला. "न्यूयॉर्क आलं का?"

"नाही."

"मग कुठे आहे?"

"समुद्रात."

एसटीत घाटात झोपलेला माणूस विचारतो तसं आणखी दोनदा विचारून तो पुन्हा झोपला. एक तास उलटून गेला तेव्हा वाचलेली पाचजणं वल्ही मारत मॅनहॅटनच्या धक्क्याला लागली, आणि उतरल्या उतरल्या त्यांना दोन गुंडांनी लुटलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कालखंड 1989. आक्षेप नाही."

पण ज्या गल्ल्यांतून ते पळत होते त्या काही माझ्या ओळखीच्या वाटेनात. "हे न्यूयॉर्क नाही." नागपूरनं विजयानं हात वर केले. निघालं खरंच तसं. बहुतेक शूटिंग कॅनडात, व्हँकुव्हरला झालेलं. कोल्हापूर उसळून म्हणाला, "बजेट नव्हतं ओ मावशी! रॉब हेडन दिग्दर्शक, त्याला लई मोठं न्यूयॉर्क दाखवायचं होतं. पैसे न्हाईत म्हणल्यावर काय करणार गडी?" मला वाईट वाटलं. पण रांगोळीच्या स्पर्धेतही 'रंग संपला होता' हे सांगणाऱ्या बाईला आम्ही गुण दिले नव्हते.

तरी शेवटच्या अर्ध्या तासात तीन गोष्टी अशा आहेत, की मी पेन खाली ठेवलं.

एक, ज्युलियस नावाचा बॉक्सर पोरगा गच्चीवर जेसनला ठोसे मारत सुटतो. मारतो, मारतो, हात सुजेपर्यंत मारतो. जेसन शांतपणे खातो. शेवटी दमून पोरगा म्हणतो, आता तुझी पाळी. जेसन एकच ठोसा देतो आणि पोराचं मुंडकं उडून खाली कचऱ्याच्या पेटीत पडतं. नागपूरसुद्धा हसला. 'कल्पकता', दहापैकी नऊ.

दोन, जीव घेऊन पळणारी मुलगी एका खानावळीत शिरून ओरडते, की एक माथेफिरू आमच्या जिवावर उठलाय. काउंटरमागची बाई थंडपणे सांगते, न्यूयॉर्कमध्ये स्वागत आहे. या बाईला मी ओळखते. माझ्या ऑफिसखाली रोज सकाळी हिच्याकडूनच मी कॉफी घेते. 'अभिनय' दहापैकी दहा, आणि ते फक्त तिचे.

आणि तीन, टाइम्स स्क्वेअर. हा तुकडा खरोखर तिथेच चित्रित केलेला. मुखवटा घातलेला, चिखलानं लडबडलेला, धिप्पाड जेसन गर्दीतून चालतो आणि जवळजवळ कुणीच त्याच्याकडे बघत नाही. शहरात एके ठिकाणी त्याला वर जाहिरातीच्या फलकावर हॉकीचा मुखवटा दिसतो. तो थांबतो आणि मान किंचित कलती करून बघत राहतो. सात भाग तळ्याकाठी काढलेला माणूस पहिल्यांदा शहरात येतो आणि तिथे त्याला एकच ओळखीची वस्तू दिसते. मी पहिल्यांदा टाइम्स स्क्वेअरच्या चौकात उभी होते तेव्हा एका टॅक्सीच्या काचेवर गणपतीचा स्टिकर दिसला होता. मी त्या लाल दिव्याला अशीच मान कलती करून उभी होते आणि मागच्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"मावशी, रडतेयस?"

"कांद्याच्या चकल्या आहेत."

"चकलीत कांदा कुठाय?"

मी सिनेमा पुढे न्यायला सांगितलं. पुढे तसं काही नाही. भुयारी रेल्वेत त्याला विजेचा झटका बसतो, पण विजेवरच चालणाऱ्या माणसाचं विजेनं काय बिघडणार? शेवटी गटारात. तिथे म्हणे रोज रात्री बाराच्या ठोक्याला विषारी रसायनाचा लोंढा सोडतात. रोज. बारालाच. मिनिटाचाही फरक नाही. शून्याखाली गुण देता येत नाहीत, म्हणून मी शून्यालाच पुन्हा गिरवलं.

बारा वाजता बेरीज सुरू झाली. सगळं अडलं 'शीर्षकाशी प्रामाणिकपणा' या रकान्यात. मी दहापैकी साडेतीन लिहिले होते. नागपूरचं म्हणणं, "मावशी, साडेतीन काहून? एक द्या. अख्खं पिक्चर जहाजावरच होऊन राहिलं ना!" कोल्हापूर म्हणाला, टाइम्स स्क्वेअरचे एकट्याचे पाच होतात. माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवून त्यानं पुरावाही सादर केला. अर्धा तास हे चाललं. ओंकारनं मध्येच कुणाला तरी खिचडी लावायला सांगितली.

"काकांना विचारू," शेवटी तोच म्हणाला. "तिसरे पंच."

तिघांनी मिळून सोफा हलवला. नवरा दचकून उठला. टीव्हीवर काळ्या पडद्यावर शेवटची नावं तशीच थांबलेली होती. त्यानं चष्मा शोधला, लावला आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"न्यूयॉर्क आलं का?"

मी पेन उचललं आणि साडेतीनातला अर्धा गुण खोडला.